टक्केवारीसाठी सिव्हिलच्या दोन फेऱ्या

मानसिक आजाराचं दिव्यांग प्रमाणपत्र काढायला सिव्हिलला, म्हणजे सरकारी जिल्हा रुग्णालयात, निघालो तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं होतं: सरकारी डॉक्टरसमोर जायचंय, नीट तयार होऊन जा. दाजींनी शर्टाला इस्त्री करून दिली, आईने नखं कापली, मी गुळगुळीत दाढी केली. त्या तयारीनेच काम बिघडवलं. पहिल्या फेरीत पांढरं दिव्यांग कार्ड आलं, म्हणजे ४० टक्क्यांच्या आत, म्हणजे पेन्शनला निरुपयोगी. पाच महिन्यांनी पुन्हा ८४ किलोमीटर जाऊन पिवळं मिळालं, म्हणजे पेन्शनला चालणारं. मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार उसळतं, कधी फार खचतं असा आजार, नऊ वर्षं झाली. माझी पहिली फेरी दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून लिहितोय.

तुमचे उपचार चालू आहेत, जुने केसपेपर आणि डिस्चार्ज कार्डं जपून ठेवलीत आणि एसटीचा अडीच तासांचा प्रवास झेपतो, एवढं धरून चाललोय. सोबत माणूस हवंच. घरचं नसेल तर शेजारी, आशाताई, जे तुम्हाला रोज बघतं ते. एकट्याने जाऊ नका.

आधी पैशांचं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे दिव्यांग कार्डाच्या सरकारी वेबसाइटवर भरायचा, त्याला फी नाही. तपासणीला नाही, प्रमाणपत्रालाही नाही. आम्हाला हे माहीत नव्हतं. फाटकाबाहेर एकाने ‘बोर्डात (म्हणजे टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांत) ओळख आहे’ म्हणून आईकडून २,५०० रुपये घेतले. शेळी विकून आलेले पैसे होते ते. त्याने फक्त फॉर्म भरला आणि त्यातही आजार सुरू झाल्याचं साल चुकवलं. ते दुरुस्त करायला खिडकीवर सव्वा तास गेला. सिव्हिलच्या बाहेर कुणालाही एक रुपया देऊ नका. गावातल्या कॉलेजच्या पोराला सांगा, अर्ध्या तासात भरून देईल.

आता आतलं. पहिल्या वेळी सात-आठ मिनिटांत सगळं संपलं. आंघोळ स्वतः करता? हो. घरच्यांशी बोलता? हो. काम? शेतात बघतो थोडं. यातलं एकही उत्तर खोटं नव्हतं. पण आंघोळीसाठी आई पाणी काढून दाराबाहेर उभी राहते, तरच मी आत जातो. त्याच्या मागच्याच महिन्यात सलग अकरा दिवस गेलो नव्हतो. शेतात बघतो म्हणजे बांधावर बसतो. हे मी बोललो नाही, कारण परक्या माणसासमोर बोलायची लाज वाटली. आणि आई बाहेर बाकावर बसलेली.

टक्के ज्या मापाने ठरतात त्याला ‘आयडियाज’ म्हणतात. चार रकाने: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकाला ० ते ४ गुण, शिवाय आजार किती वर्षांचा याचे १ ते ४. एकूण २०. बेरीज ८ झाली की ४० टक्क्यांच्या वर जाता, ७ ला नाही. मला चारही रकान्यांत एकेक आणि वर्षांचे ३ मिळाले. सात. एका गुणाने गेलं. कागद हातात आल्यावर मी तिथेच जिन्यात बसलो.

असा निकाल पटला नाही तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम ५९ मध्ये, अपील आहे. मी आधी सिव्हिललाच फेरतपासणीचा लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. पोच घ्याच.

दरम्यान एकाने सल्ला दिला, चार दिवस गोळ्या बंद कर, मग बघ कसे टक्के देतात. हे अजिबात करू नका. मागे एकदा मी गोळ्या सोडल्या होत्या, त्याची किंमत सहा आठवडे वॉर्डात मोजली.

दुसऱ्या फेरीतला सगळ्यात वाईट तुकडा म्हणजे खोलीबाहेरचा बोळ. १०:२० ला नंबर लावला, आत गेलो २:५० ला. बाक दोन, माणसं साठ-सत्तर. स्ट्रेचर आला की सगळ्यांनी भिंतीला चिकटायचं. नाव एकदाच पुकारतात. लिथियमच्या गोळीमुळे मला सारखी तहान लागते आणि सारखं लघवीला जावंही लागतं, आणि संडास खालच्या मजल्यावर. एक वाजता कानात गुणगुण सुरू झाली, उठून पळून जावंसं वाटलं. आईने हात धरून ठेवला. म्हणून सांगतो: मोठी बाटली, भाकरी, दुपारची गोळी जवळ ठेवा. सोबत दोघं असतील तर एकाने नंबरजवळून हलायचं नाही, दुसऱ्याने रुग्णाला खाली मोकळ्या हवेत बसवायचं. एवढं केलंत तर निभावतं.

या वेळी आई आत आली. तिने पिशवीतून भिंतीवरचं कालनिर्णय काढलं. दुधाचा हिशोब लिहायच्या जागी ती वर्षभर माझं लिहीत होती: ‘जेवला नाही’, ‘रात्रभर फिरला’, ‘आंघोळ ५ दिवस नाही’, ‘रडला’. मला हे माहीतच नव्हतं. डॉक्टरांनी एकेक पान उलटलं, मग माझ्याऐवजी तिला विचारत गेले. काळजीला २, संबंधांना २, बोलण्याला १, कामाला ३, वर्षांचे ३. अकरा.

तर तुम्हीही आजपासून लिहायला लागा. तारीख घालून, साध्या शब्दांत. आत गेल्यावर चांगला दिवस सांगू नका, नेहमीचा आणि वाईट सांगा. ‘करतो’ एवढ्यावर थांबू नका; कुणी ढकलल्यावर करता, किती दिवस चुकतं, तेही बोला. कपडे रोजचे घाला.

पेन्शनच्या अर्जाचं तहसीलचं काम दोन तासांत झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. ‘संजय गांधी’साठी, म्हणजे ही पेन्शन देणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेसाठी, दिव्यांगांना उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० आहे, तो दाखला आधीच काढून ठेवा. दिव्यांगांना आता महिना २,५०० मिळतात, पूर्वी १,५०० होते.

एक राहिलं. आत सगळं उकरून काढतात, त्यामुळे नंतरचे तीन दिवस मला फार जड गेले. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात. मी दोनदा लावला. आणि आमच्याकडे येणारी शेवटची थेट एसटी ५:३० ला सुटते. आम्ही ५:२५ ला धावत पकडली. तुम्ही मुक्कामाची सोय बघूनच निघा.