सहा-सहाने चालणारी मोजणी

पापुआ न्यू गिनीतलं मोरहेड नदीकाठचं रौकू. इथली भाषा कोम्न्झो, बोलणारे अडीचशेच्या आसपास. त्या दिवशीचं आमचं काम होतं कंदांच्या मोजणीचं ध्वनिचित्रमुद्रण. कंद आपल्या कोनफळ-कणगरांच्याच कुळातले. कुणाला समोर बसवून आकडे विचारले तर नुसती यादी हाती येते; ते आकडे चालतात कसे, हे ढिगापाशीच कळतं.

दोन माणसं ढिगाशी उभी राहतात. प्रत्येकाने तीन कंद उचलायचे, दोघांचे मिळून सहा, आणि नव्या ढिगात ठेवायचे. एक जण फेरीचा आकडा मोठ्याने पुकारतो. म्हणजे ‘एक’ला सहा कंद झाले, ‘दोन’ला बारा. सहा फेऱ्यांचे 36, त्याला फ्ता म्हणतात. खुणेला एक कंद बाजूला पडतो. सहा फ्तांचा तारुम्बा, 216. पुढे न्दाम्नो 1296, वॅरॅमॅका 7776 आणि वी 46656. एवढ्या मोठ्या संख्येला स्वतंत्र शब्द आहे, आणि तो कोठार भरण्याच्या गरजेतून आला असावा, असं तिथे उभं राहिल्यावर मनापासून वाटतं.

मुद्रण बिघडतं ते पुकाऱ्यामुळे. साध्या बोलण्यावर मुद्रणयंत्राची आवाजपातळी लावली की पुकाऱ्याला आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज पुढे पुरता सुधारत नाही. म्हणून आधी एकदा जोरात पुकारायला लावायचं आणि सर्वांत मोठा आवाज यंत्राच्या मोजपट्टीवर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील असं बघायचं (शून्य म्हणजे आवाज फाटण्याची सीमा). आवाज 48 किलोहर्ट्झ, 24 बिटला, न दाबलेल्या वेव्ह फाइलमध्ये घ्यायचा. उघड्यावर माइकला केसाळ कव्हर हवंच. कॅमेरा तोंडांवर नको. उचलणारे हात आणि खुणेचे कंद, दोन्ही एकाच चौकटीत आले पाहिजेत, कारण एखाद्या फेरीत कुणी दोनच कंद उचलले तर ते आवाजावरून कळणार नाही.

मुद्रण ऐकून लिहून काढताना पुकारलेला शब्द एका ओळीत आणि कंदांची खरी संख्या दुसऱ्या ओळीत लिहायची. दोन तारुम्बा, चार फ्ता, तीन फेऱ्या आणि सुटे पाच, असं असेल तर 432, 144, 18 आणि 5 मिळून 599. खुणेचा कंद या बेरजेत धरला आहे की नाही, हे मोजणाऱ्यांना तिथल्या तिथे विचारून त्यांचं उत्तरही मुद्रित करून ठेवायचं.