काटा खाली आला होता

हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बसणारं हेड यांच्यामधला सील करणारा पातळ थर, आपणहून क्वचितच जातं. बहुतेक वेळा त्याआधी गाडी तापलेली असते. म्हणून असं काम आलं की मी आधी विचारतो, तापली कधी? या वेळी जे उत्तर मिळालं ते अजून डोक्यातून जात नाही. "तापमानाचा काटा वर गेला होता," गाडीचे मालक, काका म्हणाले, "पण गाडी बाजूला घेईपर्यंत आपोआप खाली आला. म्हणून चालवत घरी आलो."

आधीच्या गॅरेजने हे ऐकूनच घेतलं नव्हतं. तापलेली गाडी तुम्हीच ओढलीत, आता इंजिन बदला, एवढंच सांगितलं. हेड न उघडता! काका तर प्रत्येक ऑइल बदलाची वहीत नोंद ठेवणारे. गाडी आता चालवून नेण्यासारखी नव्हती, म्हणून काम त्यांच्या घरी, पोर्चमध्येच करायचं ठरलं.

थंड इंजिन सुरू केलं तर इंजिन थंड ठेवणारं पाणी (कूलंट) कोमट होण्याआधीच रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी नळी, कडक झाला. रेडिएटरमध्ये बुडबुडे, आणि शेजारच्या दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) पडलेलं. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली की ऑइलमध्ये पाणी गेलं असं धरून लगेच हेड उतरवणारे मेकॅनिक मी पाहिलेत. जवळच्या जवळ फिरणाऱ्या चांगल्या गाडीतही ती जमते. मी निळ्या द्रावणाची चाचणी करतो. रेडिएटरच्या तोंडाशी जमलेली हवा त्यातून ओढायची. जळलेला वायू पाण्यात येत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने द्रावण पिवळं पडतं. इथे बघता बघता पडलं.

इंजिन पूर्ण थंड असतानाच, बोल्ट कडेकडून मध्याकडे थोडे थोडे सैल करत हेड उतरवलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरमधली गॅस्केटची चिंचोळी पट्टी जळून गेली होती. हेडवर सरळपट्टी ठेवून खाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घातला तर मधोमध ०.१५ मिमीची फट. या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.०५ दिली आहे. ॲल्युमिनियम तापलं की लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, आणि बोल्टांनी जखडलेल्या हेडला पसरायला जागा नसते, ते वाकतं. हेड फेसिंगला, म्हणजे मशीनवर घासून सपाट करायला, पाठवलं. ब्लॉकवरही तीच पट्टी आडवी, उभी, तिरकी फिरवली. तो सरळ निघाला. ब्लॉक तपासायचा कंटाळा फार जण करतात आणि नवं गॅस्केट पुन्हा जातं.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो बोल्टच्या भोकांवर. ती खालून बंद असतात. आत ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना ते दाबलं जातं आणि ब्लॉक तडकू शकतो. नाही तडकला तरी पाना खोटा टॉर्क (आवळण्याचा जोर) दाखवतो. प्रत्येक भोक सिरिंजने उपसून हवेने कोरडं केलं. ब्लॉकचा पृष्ठभाग प्लास्टिकच्या पट्टीने साफ केला. त्यावर ग्राइंडरची खरखरीत चकती फिरवणाऱ्यांना मी इंजिनाजवळ उभं करणार नाही. तिची पूड ऑइलमधून बेअरिंगपर्यंत जाते. स्टीलच्या थरांच्या गॅस्केटला सीलंटचं बोटही लावलं नाही. बोल्ट नवेच, कारण या प्रकारचे बोल्ट आवळताना मुद्दाम ताणले जातात. मधून बाहेरच्या क्रमाने आधी ठरलेला टॉर्क, मग ९० अंश, पुन्हा ९० अंश.

पण गाडी मुळात तापली ती पाणी कमी झाल्याने. ते गेलं कुठे? खालच्या होजच्या क्लॅम्पपाशी वाळलेल्या कूलंटचा डाग सापडला. गळती इतकी बारीक की जमिनीवर थेंबही दिसला नसता. पाणी कमी होत गेलं, इंजिन तापलं, काटा चढला. मग पातळी सेन्सरच्याही खाली गेली. सेन्सर पाण्याचं तापमान मोजायला बसवलेला असतो; भोवती पाणीच उरलं नाही की तो खरा ताप पकडू शकत नाही, आणि काटा खाली येतो. काकांना विचारलं, हीटर चालू होता का? "हो, आणि त्याच वेळी त्यातून गार हवा यायला लागली. मला वाटलं इंजिन निवलं." हीटरमध्येही इंजिनाचंच गरम पाणी फिरतं. ते तिथपर्यंत पोचतच नव्हतं.

त्यांनी काट्यावर विश्वास ठेवला, आणि काटा त्यासाठीच तर दिलेला असतो. मी त्यांच्या जागी असतो तर वेगळं केलं असतं, कारण मला आतलं माहीत आहे. गाडी चालवणाऱ्याला ते माहीत असायलाच हवं, असं मला वाटत नाही.

टायमिंगच्या खुणा (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ दाखवणाऱ्या) जुळवून क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, हाताने दोन फेरे फिरवला, मगच स्टार्टर मारला. पाण्यातली हवा काढायला बराच वेळ लागला. पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत थांबलो. चाचणीचं द्रावण या वेळी निळंच राहिलं.

काही गाड्यांच्या कूलंट टाकीत पातळी सांगणारा स्विच येतो, या गाडीत नाही. दार उघडं राहिलं तर मात्र दिवा लागतो. टाकीत फ्लोट स्विच बसवून डॅशबोर्डवर लाल दिवा जोडायचं आमचं ठरलंय. दिवा स्टिअरिंगच्या आड येणार नाही अशी जागा काकांनी पेन्सिलने खूण करून ठेवली आहे.