उबदार गावातलं म्हातारपण आणि मागे राहणारे फोटो

थंडीत गुडघे धरतात, म्हणून निवृत्तीनंतर उबदार गावी राहायला जावंसं वाटतं. जरूर जावं. ऊब अनेकांच्या आखडलेल्या सांध्यांना मानवते. फक्त वय वाढलं की घाम उशिरा आणि कमी येतो, त्वचेकडे रक्त कमी धावतं आणि तहानेची जाणीवही मंदावते. म्हणजे अंगात पाणी कमी पडलेलं असतं आणि घसा मात्र काही सांगत नाही. तेव्हा तहानेची वाट न पाहता थोडं थोडं पीत राहावं, लघवी गडद झाली की सावध व्हावं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर दिवसाला किती पाणी, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. लघवीच्या गोळ्या आणि रक्तदाबाची काही औषधं उन्हाळ्यात जास्त भोवतात. त्यांचा डोस मनाने कमी करू नये, गाव बदलण्याआधीच विचारून घ्यावं. नव्या हवेची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, वयस्कांना थोडे अधिक. आणि हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा अंग गार करण्याऐवजी तापवू शकतो. तेव्हा ओलं फडकं आणि सावलीची खोली जास्त उपयोगी.

हे सगळं वेळेवर सांगणारं कुणी ना कुणी भेटतं. आपल्यामागे जे राहायचं आहे, त्यालाही हीच हवा सोसायची असते, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

जुने फोटो, पत्रं, हस्तलिखित वह्या. उष्णतेने कागद लवकर पिवळा पडून ठिसूळ होतो आणि हवेतली आर्द्रता बराच काळ ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. म्हणून पेटी माळ्यावर नको, कारण छप्पर तापतं. बाहेरच्या भिंतीला टेकूनही नको, तिथे ओल असते. आतल्या खोलीत, जमिनीपासून वर ठेवावी आणि आतले फोटो-पत्रं आम्लमुक्त कागदाच्या पाकिटांत घालावीत. दमट दिवसांत पेटी घट्ट बंद केली तर ओल आतच कोंडते. कोरडा दिवस बघून भरावी. चिकट पानांचे अल्बम सर्वांत वाईट, त्यातला गोंद वर्षांनी फोटोच पकडून ठेवतो. अशा वेळी ओढू नये, आधी आहे त्या जागी स्कॅन करून घ्यावं. लॅमिनेशनही करू नये, ते पुन्हा काढता येत नाही. ईसीजीचा गुळगुळीत कागद किंवा पावत्या उष्णतेने पुसट होतात, त्यांची झेरॉक्स ताबडतोब काढावी.

साध्या आकाराचे फोटो ६०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून तीन प्रती ठेवाव्यात, एक दुसऱ्या गावी.

पण कागद टिकला तरी नाव टिकत नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. फोटोतली माणसं ओळखणारं शेवटचं माणूस पुष्कळदा आपणच असतो. मागे ‘आजी’ एवढंच लिहिलं तर तिसऱ्या पिढीला कुणाची आजी ते कळत नाही. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं लिहावीत. मग नातं, गाव, साल. साल नक्की नसेल तर ‘१९६५च्या सुमारास’. कडेला, मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. प्लास्टिकचा थर असलेल्या नव्या कागदावर पेन्सिल उठत नाही. तिथे न पुसणाऱ्या शाईचं बारीक पेन वापरावं आणि शाई पूर्ण वाळल्याशिवाय फोटो एकावर एक रचू नयेत.

हे काम सकाळच्या गारव्यात थोडं थोडं करावं. दुपारी हात ओले होतात आणि डोकंही शिणतं. शक्य असेल तर मुलांपैकी किंवा भाचरांपैकी कुणालातरी शेजारी बसवावं. नाव सांगताना आपोआप त्या माणसाची हकीकत निघते, ती फोनवर रेकॉर्ड करावी आणि सुरुवातीलाच तारीख व बोलणाऱ्याचं नाव मोठ्याने सांगावं. ही सगळी सामग्री पुढे कोण सांभाळणार, ते त्या व्यक्तीला विचारून ठरवावं. दुसरी प्रत आणि पासवर्ड तिच्या हाती आजच द्यावेत.