गेम पूर्ण किमतीत घ्यावा का?

सांगलीच्या विश्रामबागेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. ग्राफिक्स कार्ड बसवून घ्यायला आलेली पोरं निघताना हमखास विचारतात, "दादा, नवा गेम आलाय, तीन हजाराचा. आत्ताच घेऊ का सेलपर्यंत थांबू?" गर्दीत मी नुसतं "थांब" म्हणतो. तुम्ही निवांत विचारलंत म्हणून नीट सांगतो.

वडील मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांना जायचे. हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय त्यांनी कधी बोली लावली नाही. प्री-ऑर्डरमध्ये, म्हणजे गेम यायच्या आधीच पैसे भरून ठेवण्यात, मोडून बघायला काहीच नसतं, म्हणून ती मी कुणालाच करू देत नाही. सायबरपंक 2077 हा गेम आठवा. 10 डिसेंबर 2020 ला आला आणि सोनीच्या पीएस 4 या जुन्या गेमिंग मशीनवर इतका अडखळला, की सोनीनं आठवडाभरातच तो आपल्या स्टोअरवरून उतरवला, लोकांना पैसे परत देऊ केले. परत विक्रीला यायला जून 2021 उजाडला. 2023 मध्ये 2.0 अपडेट, म्हणजे सुधारलेली आवृत्ती, आली तेव्हा तोच गेम लोकांनी डोक्यावर घेतला. थांबलेल्यांना तो स्वस्तात मिळाला, आणि धड मिळाला.

किमतीच्या आधी मी विचारतो, या महिन्यात तुझ्या किती संध्याकाळी मोकळ्या आहेत? साठ तासांचा गेम परीक्षेच्या तोंडावर घेतला तर तो तसाच पडून राहतो, आणि तोवर सेल लागतो. एकट्यानं खेळायची गोष्ट सहा महिन्यांनी शिळी होत नाही.

तरी राहवत नसेल तर स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, घ्या. घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. तो वेळ आपल्या मशीनवर गेम कसा चालतो हे बघण्यात घालवा. गेम चालू ठेवून जेवायला गेलात तर तेवढा वेळही मोजला जातो, हे पोरांना मी दर वेळी बजावतो.

पण पूर्ण किंमत मीही मोजलीय. एप्रिल 2021, दुसरी लाट. धाकटा भाऊ पुण्याहून घरी येऊन काम करत होता. इट टेक्स टू हा गेम नुकताच आला होता. तो एकट्याला खेळताच येत नाही, दोघं लागतातच. रोज जेवणं झाली की आम्ही एकाच टीव्हीसमोर बसायचो. एका उडीला दोघांचा मेळ बसेना, तेव्हा शेजारी बसून आईच आम्हाला "एक, दोन, तीन" म्हणायला लागली.

पुढे तो गेम सेलमध्ये बराच खाली आला. तेव्हा भाऊ परत पुण्यात होता.