आमची वाटचाल : बंद पडलेली मशीन

चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूर तालुक्यात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. २०१२ साली रानडुकरांनी एका रात्रीत दीड एकर हरभरा उकरून टाकला, तेव्हा मी स्वतःच्या शेतासाठी पहिली झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचे क्षणिक झटके सोडणारी मशीन, जोडली. आमच्याकडे धुरा, म्हणजे शेताचा बांध, संपला की जंगल. रोही (नीलगाय), चितळ, डुक्कर येणारच, आणि रात्र-रात्र जागली, म्हणजे शेताची राखण, करून माणसं झिजतात. पुढच्या हंगामात शेजाऱ्यांनी मशीन मागितल्या. दुकानाचा कारखाना झाला, आज आम्ही चार जण आहोत.

मशीन कशी चालते ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. बॅटरीवर कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) भरतो आणि साधारण सेकंदाला एकदा तारेत रिकामा होतो. व्होल्टेज हजारोंत, पण झटका क्षणाचा. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे दोन झटक्यांत किमान १ सेकंद हवा, झटका १० मिलिसेकंदांच्या आत आणि ऊर्जा ५ ज्यूलच्या आत. त्या मधल्या सेकंदात स्नायू सैल होतात, हात सुटतो. तार थेट विजेच्या लाईनला जोडली तर त्या २३० व्होल्टमध्ये ती उसंत नाही. माणूस तारेला चिकटतो.

एप्रिल २०१७ मध्ये नागभीडकडे जय नावाच्या प्रसिद्ध वाघाचा बछडा श्रीनिवास शेतातल्या अशाच थेट लाईनच्या करंटने मेला. तेव्हा मी गावोगाव सांगत फिरलो की लाईन जोडू नका, झटका लावा. माझ्या मशीनमुळे जीव वाचतात, यावर माझा पक्का विश्वास होता.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर आमच्याच एका गिऱ्हाईकाच्या कुंपणाला चिकटून शेजारचा माणूस गेला. रात्रपाळीची वीज आली म्हणून तो मोटार चालू करायला निघाला होता. तार आम्ही ओढलेली, खुंट आम्ही रोवलेले. मशीन बंद होती आणि मालकाने तारेला सरळ लाईन जोडली होती. चौकशीत मशीनचा दोष निघाला नाही. मालकाला अटक झाली. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याची बायको एवढंच म्हणाली, "मशीन बंद पडली तवा तीन खेपा फोन केला जी तुमाले."

केला होता. मी उचललाही होता, आणि तिन्ही वेळा "माणूस पाठवतो" म्हणालो होतो. नव्या मशीनची मागणी जोरात होती, दुरुस्ती मागे पडली. मयताच्या घरी मला कोणी काही बोललं नाही. पाणी दिलं. ते घशाखाली उतरेना.

एके-४७ बनवणाऱ्या मिखाईल कलाश्निकोव यांनी अखेरच्या काळात रशियन धर्मगुरूंना पत्र लिहिलं होतं, माझ्या बंदुकीने मेलेल्यांचा दोष माझ्यावर येतो का, असं विचारणारं. त्याआधी २००२ मध्ये ते म्हणाले होते की शेतकऱ्याच्या कामी येईल असं यंत्र बनवलं असतं तर बरं झालं असतं. हे वाचून मी सुन्न झालो. मी तर शेतकऱ्याचंच यंत्र बनवलं होतं.

लाईन मी जोडली नाही, हे खरं. पण माझ्या भरवशावर त्या मालकाने जागली सोडली, तार ओढून घेतली, आणि ऐन हंगामात मी त्याला नुसत्या तारेसोबत सोडून दिलं. त्यातला माझा वाटा मला नाकारता येत नाही.

तेव्हापासून कारखान्यात दहा मशीन फक्त बदली द्यायला ठेवतो. बंद पडल्याचा फोन आला की त्याच दिवशी बदली मशीन शेतावर पोचते; त्या दिवशी नवी विक्री थांबली तरी चालेल. बॅटरी उतरू लागली की वाजणारा बझर बसवला. नुसती तार विकत नाही. एका व्यापाऱ्याने साठ नग मागितले होते, पण झटका एवढा वाढवा की डुक्कर जागीच पडलं पाहिजे, अशी अट होती. अर्ध्या तासाचं काम होतं. मी नाही म्हणालो. त्या महिन्यात पोरांचे पगार उसने घेऊन दिले.

गेल्या खरिपात त्या मालकाच्या बायकोनेच मशीन मागवली. मी पैसे घेत नव्हतो, तिने घ्यायला लावले. मग पावती उलटी करून म्हणाली, यावर नंबर मोठ्या आकड्यात लिहा.