फ्लश झाल्यावर हुडहुडी भरली तर

मुलीचा पोर्ट सांभाळताना जे हाती लागलं ते लिहितोय. खानापूर, निपाणीकडून बेळगावला केमोसाठी ये-जा करणाऱ्या घरांना उपयोगी पडेल.

पोर्ट म्हणजे छातीवर कातडीखाली बसवलेली नाण्याएवढी डबी. तिची नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जाते. ती तुंबू नये म्हणून आतून सलाईन ढकलून धुतात, तोच फ्लश. टोचायला ह्युबर सुईच लागते. साध्या सुईनं डबीवरच्या सिलिकॉनचे कण निघतात आणि ती गळू लागते. बधिर करणारं मलम तासभर आधी लावावं लागतं, म्हणून आम्ही ते खानापूर स्टँडवरच लावून वर पारदर्शक पट्टी चिकटवायचो. नंबर येईपर्यंत जागा बधिर झालेली असे.

सुई बसली की आधी रक्त परत येतंय का बघायचं, मगच औषध. एकदा सलाईन सरळ आत गेलं, पण रक्त येईना. नळीच्या टोकाशी फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठताना बनणाऱ्या चिकट धाग्यांचा, पापुद्रा धरला की असं होतं: ढकललं की उघडतो, ओढलं की झाकण बसतं. हात वर करायला लावला, खोकायला लावलं, कुशीवर वळवलं. तरीही नाहीच. अशा वेळी व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं औषध देऊ देऊ नका. ते शिरेबाहेर गेलं तर आतलं मांस जळतं. एक्स-रे काढून नळी जागेवर आहे ना ते बघतात, मग गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज आत भरून ठेवतात. अडलेली नळी २ मिलीच्या सिरिंजनं जोरानं ढकलताना दिसलं तर तिथंच थांबवा. सिरिंज जितकी लहान तितका दाब जास्त, नळी फुटू शकते. १० मिलीचीच मागा.

सगळ्यात मोठी भीती जंतूंची. फ्लशनंतर तासाभरात थंडी वाजून ताप आला, तर नळीत बसलेले जंतू रक्तात गेले असं धरूनच निघायचं, वरची कातडी कितीही स्वच्छ दिसो. १००.४ फॅरनहाइट ही रेघ. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल नको, ताप झाकला जातो. पोर्टमधून आणि हातातून, दोन्हीकडचं रक्त कल्चरला, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते तपासायला, जातं आणि अँटिबायोटिक पोचल्यापासून तासाभरात सुरू व्हायला हवं. पावसाळ्यात जांबोटी, कणकुंबीकडच्यांनी तर सकाळची वाट बघूच नये.

मान किंवा त्या बाजूचा हात सुजला तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा.

पिशवीत एक कार्ड ठेवा, कन्नडमध्ये लिहून घेतलेलं: पोर्ट कोणत्या बाजूला, शेवटची केमो कधी, आपल्या डॉक्टरांचा नंबर. ‘ज्वर’ रात्रपाळीच्या सिस्टरना लगेच कळतो, पोर्ट समजावण्यात वेळ जातो.