मार्चच्या उन्हात रेड वेल्वेट

रेड वेल्वेट केक म्हटलं की लोक रंगाची काळजी करतात. माझं मत विचाराल तर स्पंज सोपा, खरा कस लागतो वर लावायच्या बटरक्रीमला, त्यातून नागपुरात आणि तेही मार्च लागल्यावर. बटर ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळतं. आमचं स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर. स्लॅब तापला की भर दुपारी ओट्यावरचं बटर हात न लावताच पसरायला लागतं. पण पुतणीचा वाढदिवस होळीच्या आगेमागेच येतो आणि तिची फर्माईश होती लाल केकची, वर संत्र्याचं क्रीम. संत्र्याचं तिचं बरोबरच होतं. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्येच बाजारात असतात. नागपुरात राहून बाटलीतला ऑरेंज इसेन्स वापरायचा म्हणजे कमालच!

सुरुवात कोकोपासून केली. आपल्याकडे मिळणारे बरेच कोको अल्कलीने प्रक्रिया केलेले असतात. रंगाला गडद, चवीला सौम्य. या केकला मात्र प्रक्रिया न केलेला, जरा आंबटसर कोको हवा. ताक आणि व्हिनेगरच्या सान्निध्यात त्यात किंचित तांबूस झाक येते, आणि या केकच्या लालीचं मूळ तिथेच सांगतात. दुकानात उभं राहून डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचत बसले. ५००, ५०१ असे अल्कलीचे आकडे दिसले की डबा परत जागेवर. अर्थात नुसत्या कोकोने केक विटकरीच होतो. आजचा तो भडक लाल रंग खायच्या रंगाचाच असतो, उगाच भोळेपणा नको. मी जेल रंग घेतला, कारण पाण्यासारखा पातळ रंग फार ओतावा लागतो. मैत्रीण म्हणाली बीट घाल. बीटचा रंग ओव्हनच्या उष्णतेत उडतो आणि सोड्याशी त्याचं पटत नाही, केक मातकट निघतो. बीट कोशिंबिरीला ठेवलं.

सात इंची दोन डब्यांसाठी माझं माप असं: मैदा २४० ग्रॅम, साखर २४०, तेल १५० मिली, घट्ट ताक २०० मिली, दोन अंडी, दीड मोठा चमचा कोको, पाऊण छोटा चमचा सोडा, एक छोटा चमचा व्हिनेगर, चिमूटभर मीठ, व्हॅनिला. बटर नाही, तेलच. नागपुरात हा केक फ्रिजमध्ये राहणार हे ठरलेलं, आणि बटरचा स्पंज फ्रिजमध्ये दगड होतो. तेलाचा मऊ राहतो.

आमच्या ओटीजीत एका वेळी एकच डबा मावतो. सोडा आणि आंबट एकत्र आले की बुडबुडे लगेच सुरू होतात, त्यामुळे भिजवलेलं मिश्रण दुसऱ्या डब्याच्या प्रतीक्षेत ओट्यावर ठेवता येत नाही. म्हणून कोरडं आणि ओलं, दोन्ही वजन करून अर्धं-अर्धं केलं आणि पहिला डबा बाहेर आल्यावरच दुसरी जोडी मिसळली. १७० अंशांवर साधारण अर्धा तास. सुरी कोरडी निघाली की झालं. स्पंजबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

आता क्रीम. पिठीसाखर फेटून केलेलं बटरक्रीम मला सोसत नाही. बटरच्या दुप्पट साखर, पहिल्या घासालाच दात शिवशिवतात. क्रीम चीज उन्हात आणखी लवकर ढिलं पडतं. पण अमेरिकेतल्या जुन्या पाककृतींत रेड वेल्वेटवर मैदा आणि दूध शिजवून केलेलं बटरक्रीम असायचं, त्याला अर्मिन म्हणतात. शिजलेला मैदा पाणी धरून ठेवतो आणि गोडीही बेताची राहते. मी तेच धरलं.

तीन संत्री धुऊन, पुसून, न सोलता किसली. नागपुरी संत्र्याची साल आतून सुटी असते, किसणीखाली दबते, म्हणून फळ टणक बघून घ्यावं आणि हात हलका ठेवावा. आतला पांढरा भाग आला की कडू. हा कीस दीडशे ग्रॅम साखरेत बोटांनी चोळला. सालीतलं तेल साखरेत उतरतं आणि सगळ्या घराला कळतं. मग २४० मिली दुधात ४० ग्रॅम मैदा गुठळी न होऊ देता कालवला, ती साखर घातली आणि मंद आचेवर ढवळत राहिले. सासूबाई डोकावल्या. “अवो, दुधाचं पिठलं करून राहिली का तू?”

“हो आई, तसंच समजा.”

“अन् हे केकवर लावतेत?”

पळी फिरवल्यावर तळ दिसायला लागला तेव्हा गॅस बंद केला. साय धरू नये म्हणून वर प्लास्टिक चिकटवून पूर्ण गार होऊ दिलं. इथे घाई चालत नाही. ते कोमट असताना बटरमध्ये गेलं की बटर विरघळलंच म्हणून समजा. संत्र्याचा रस दुधात घालायचा नाही, फाटतं. वेगळ्या भांड्यात आटवून दोन चमचे केला. आटवताना वास उडून जातो, म्हणून सुगंधाची भिस्त सालीवर आणि रस फक्त आंबटपणापुरता.

बिनमिठाचं बटर २२५ ग्रॅम. घरचं लोणी नको, त्यात पाणी जास्त. फेटायला मी बेडरूममध्ये गेले. एसी २० वर, परातीत बर्फ, त्यात पातेलं. कूलर मात्र बंद, त्याची दमट हवा क्रीमला नको. बटर पांढरं, हलकं होईपर्यंत फेटलं आणि मग मैद्याचं मिश्रण चमचा-चमचा. मध्येच ते फाटल्यासारखं, दाणेदार दिसतं. तेव्हा टाकून देऊ नये. बहुतेक वेळा बटर फार गार झालेलं असतं. पातेलं बर्फातून काढून फेटत राहिलं की सांधतं. उलट पातळ पडलं तर दहा मिनिटं फ्रिजमध्ये. रस शेवटी, थेंब-थेंब.

थरही तिथेच, पलंगाशेजारच्या टेबलावर रचले. दोन्ही स्पंजांचे घुमट कापले, प्रत्येकाचे दोन तुकडे केले. लाल चुरा पांढऱ्या क्रीमला फार दिसतो, म्हणून आधी पातळ लेप, अर्धा तास फ्रिज, मग खरा थर. क्रीमला रंग घातला नाही. सालीचे बारीक केशरी ठिपके पुरेसे होते, आणि घुमटांचा चुरा कडेला लावला.

जाऊबाईंच्या घरी नेताना केक सीटवर नव्हे, गाडीत खाली पायाशी ठेवला. सीट उतरती असते. तिथे पोचल्यावर थेट फ्रिजमध्ये. कापायच्या आधी मार्चमध्ये अर्धा तास बाहेर पुरतो; थंडगार बटरक्रीम मेणासारखं लागतं. एप्रिल-मेमध्ये दहा मिनिटांच्या वर ठेवू नये. सासूबाईंनी दुसरा तुकडा मागून घेतला आणि लाल भाग बाजूला सारून आधी क्रीमच खाल्लं.